गजकर्ण की इसब? खाज सोडा, कड बघा

सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत बसते. दिवसातून कितीदा तरी हेच कानावर येतं : "डॉक्टर, इसब झालाय. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. लावली की बरं वाटतं, सोडली की पुन्हा उठतं." कपडा बाजूला सारून बघावं, तर जांघेपासून कमरेपर्यंत पसरलेलं गजकर्ण. त्याच सकाळी उलटंही बघायला मिळतं. लहान मुलाच्या पोटरीवर नाण्याएवढा गोल चट्टा, आई दोन महिने बुरशीचं मलम चोळतेय, आणि निघतो तो इसब. दोन्हींना कंड सुटते, दोन्ही लाल किंवा काळपट दिसतात, दोन्हींचे पापुद्रे निघतात. पण इसबाचं औषध गजकर्णाला खतपाणी घालतं. म्हणून हा घोळ मला मुकाट्यानं बघवत नाही.

गजकर्णाबद्दल फार सांगायला नको. कोणी नायटा म्हणतं, कोणी दाद. घरोघरी माहितीचा आजार आहे. बुरशी कातडीच्या सर्वांत वरच्या मेलेल्या थरावर जगते, घाम आणि घट्ट कपडे तिला मानवतात, आणि एकाच्या टॉवेलवरून ती दुसऱ्याकडे जाते. एवढं पुरे.

इसब मात्र लोकांना नीटसा माहीत नसतो. इसब म्हणजे जंतू नव्हे. कातडीचीच एखाद्या गोष्टीवर, किंवा नुसत्या कोरडेपणावर, उमटलेली जास्तीची प्रतिक्रिया. गवंड्याच्या हातांना सिमेंटमधल्या क्रोमेटनं होतो, पँटच्या बटणाखाली बेंबीजवळ निकेलनं होतो, मिशीला आणि कपाळाच्या कडेला केसांच्या काळ्या रंगानं होतो. गुडघेदुखीवर बिब्बा लावून तो उतला, की आठ-दहा दिवसांनी ओपीडीत जे लालभडक, पाणी सुटलेलं कातडं दिसतं, तेही याच जातीचं. शेतकऱ्याच्या पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणी सुजून जाड झाल्या असतील तर मी आधी गाजर गवताबद्दल विचारते. हे गवत आपल्याकडे 1955 मध्ये पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज ते नाही असा बांध शोधून सापडणार नाही. त्याचे वाळलेले कण हवेतून अंगावर बसतात, म्हणून डाग उघड्या भागावर. लहान मुलांमधला इसब कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत बसतो, आणि घरात बहुधा कुणाला तरी दमा किंवा सकाळच्या शिंका असतात. यातला कुठलाच प्रकार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. इसब झालेल्या मुलाला वेगळं ताट, वेगळं अंथरूण देणारी घरं मी पाहिली आहेत. ते पोर विनाकारण दूर बसवलं जातं आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता खरा घोळ. तो दिसण्यात नाही, बरं वाटण्यात आहे.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या त्या ट्यूबांमध्ये बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात : एक बुरशीचं, एक-दोन जंतूंची आणि एक स्टेरॉइड. स्टेरॉइडही साधंसुधं नाही, बरेचदा क्लोबेटासोल, म्हणजे कातडीवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सर्वांत जहाल. दोन दिवसांत आराम पडतो तो त्याच्यामुळे. आणि तिथेच माणूस फसतो, कारण तो आराम दोन्ही आजारांत पडतो.

लाली, सूज, खाज ही बुरशीची कामं नव्हेत. बुरशी हुसकावण्यासाठी शरीर जी धडपड करतं, ती आपल्याला खाज म्हणून कळते. स्टेरॉइड ती धडपड थांबवतं. इसबात धडपड हाच आजार असतो, म्हणून ती थांबली की आजार खरोखर कमी होतो. गजकर्णात धडपड थांबली म्हणजे शेताचा राखणदार झोपवला. जनावरं आत शिरलेलीच आहेत, आता ती निवांत चरतात. खाज गेली म्हणून माणूस खूश, आणि बुरशी रोज थोडी थोडी बाहेरच्या बाजूला सरकत असते.

"सोडली की परत येतं" यावरूनही निदान होत नाही, कारण ट्यूब अचानक सोडली तर इसबही उसळतो. म्हणून मी तो प्रश्न विचारत नाही. मी विचारते : ट्यूब चालू होती तेव्हा डाग तेवढाच राहिला, की मोठा झाला? इसब औषधाखाली फिका पडतो, पातळ होतो आणि बहुधा आपल्या जागेवरच राहतो. गजकर्णाची खाज कमी होते, पण क्षेत्र वाढतं. महिन्यापूर्वी रुपयाएवढं होतं, आता तळहाताएवढं आहे, मधल्या काळात "बरं वाटत होतं". हे उत्तर आलं की माझा हात सूक्ष्मदर्शकाकडे वळतो. घरच्या घरी बघायचं असेल तर डागाच्या कडेला बॉलपेननं रेघ ओढा, रोज पुसट होईल तशी पुन्हा गिरवा आणि आठवड्यानं बघा, कड रेघेच्या बाहेर गेली का. याला पुरावा म्हणता येणार नाही, पण खूण चांगली आहे.

कडेचाच मुद्दा आणखी थोडा ताणते. ताज्या, काहीही न लावलेल्या गजकर्णाची कड उंच, खवलेदार, बारीक पुळ्यांची असते आणि मधला भाग निवळलेला असतो, कारण बुरशी आतलं खाऊन बाहेर निघालेली असते. नाण्यासारख्या गोल इसबाचा मात्र सगळा पृष्ठभाग सारखाच बिघडलेला असतो, मध्यावरही पाणी आणि खपली असते. गोल दिसलं की गजकर्ण, हे समीकरण म्हणूनच टिकत नाही. आणि महिनाभर स्टेरॉइड लावलं की ही खूणही पुसली जाते. कड सपाट होते, किंवा वर्तुळाच्या आत दुसरं वर्तुळ उमटतं. तसं दुहेरी कडं दिसलं की रुग्णानं तोंड उघडण्याआधीच मला ट्यूबची गोष्ट कळलेली असते.

अशा वेळी डोळ्यांवर भरवसा न ठेवता खरवडून बघायचं. बोथट ब्लेडनं डागाच्या कडेवरचे पापुद्रे काचपट्टीवर घ्यायचे (मधले नाही, नवशिके निवासी डॉक्टर हमखास मधले घेतात), वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर काचेची झाकणी. दहा-पंधरा मिनिटांत कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात. मग प्रकाश थोडा कमी करून भिंगाखाली बघितलं की पेशींच्या चौकटी ओलांडत जाणारे, फांद्या फुटलेले, मधूनमधून पडदे असलेले चकचकीत धागे दिसतात. एका रिक्षाचालक दादांना मी हे भिंगातून दाखवलं. सात महिन्यांत वापरलेल्या पाच ट्यूबा ते पिशवीत घेऊन आले होते, प्रत्येक शेपटीकडून गुंडाळत शेवटपर्यंत पिळलेली. त्यांच्या पट्टीवर धाग्यांचं अक्षरशः जाळं होतं. स्टेरॉइड लावलेल्या गजकर्णात बरेचदा असंच भरभरून दिसतं. ते बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी हे पोसत होतो?" गजकर्ण दोन-अडीच महिन्यांत गेलं. जांघेत कातडी फाटल्यासारखे जे पांढुरके पट्टे उमटले होते, ते मात्र आता जाणार नाहीत.

केंद्र सरकारनं 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ट्यूब मिळतेच. मेडिकलच्या काउंटरवर खाज सांगून मलम मागणं आणि ते देणं, या दोन्ही गोष्टींवर माझा राग आहे.

उपचार वेगळे आहेत आणि शिस्तही वेगळी. गजकर्णाला साधं बुरशीचं मलम, स्टेरॉइड नसलेलं, कडेच्या बाहेर दोन बोटं जागा धरून लावायचं आणि डाग दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. पसरलेलं असेल तर पोटातून औषध लागतं. पूर्वी टर्बिनाफिननं काम भागायचं. आता आपल्याकडे जी बुरशी पसरली आहे, जिला 2020 मध्ये 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' हे नाव मिळालं, तिचे बरेच वाण त्याला दाद देत नाहीत, म्हणून इट्राकोनॅझोल द्यावं लागतं. ती कॅप्सूल जेवल्यावर लगेच घ्यायची. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आम्हाला सांगा, कारण तिच्यामुळे औषध नीट शोषलं जात नाही. यकृताचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तेही आधीच सांगा. घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. नाहीतर नवऱ्याचं बरं होतं तोवर बायकोचं वर आलेलं असतं. करदोडा काही काळ काढून ठेवा. ओला दोरा कमरेला चोवीस तास असतो आणि बुरशी त्याखालीच मुक्काम ठोकते. आतले कपडे गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा.

इसबाला स्टेरॉइड मलम हवंच, आणि ते पुरेसं हवं. गजकर्णाचे किस्से ऐकून इसबवाले पालक आता स्टेरॉइडचं नाव काढलं तरी दचकतात, मुंगीएवढं मलम लावतात आणि पोर रात्रभर खाजवत बसतं. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून ओढलेली एक रेघ, म्हणजे अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. कोणत्या ताकदीचं आणि किती दिवस, हे आम्ही चिठ्ठीवर लिहितो, तेवढंच लावा. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावा. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाकू नका, त्यानं कातडी आणखी कोरडी होते. आणि ज्यामुळे इसब उठतो ते सुटलं नाही, तर मलम जन्मभर लावावं लागेल. गवंड्याला हातमोजे, शेतकऱ्याला पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल, मिशी काळी करणाऱ्याला रंग बंद.

वांगी, अंडी, आंबट यांच्या पथ्याचा गजकर्णाशी संबंध नाही. "रक्त खराब झालंय" हे निदानही नाही.

तळहाताबद्दल एक राहिलं. दोन्ही तळहात भेगाळले असतील तर बहुधा इसब. एकच तळहात कोरडा, पिठूळ आणि दोन्ही तळपाय तसेच, असं असेल तर ती बहुतेक वेळा बुरशी असते. म्हणून हाताची तक्रार घेऊन आलेल्याला मी चपला काढायला लावते. आणि पायाला बुरशी असताना तिच्यावरची प्रतिक्रिया म्हणून हातांना इसबासारखे पाण्याचे फोड येतात, असंही होतं. तेव्हा हात खरवडून काही सापडत नाही, पायाच्या बोटांच्या बेचक्यात सापडतं.

ओपीडीत येताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा, रिकाम्यासुद्धा. नाव वाचता येत नसेल तरी चालेल, खोकं असलं तर उत्तम. त्या दिवशी सकाळी डागावर काही लावू नका, पावडरही नको. खरवडताना पट्टीवर मलमच आलं तर मला धागे दिसत नाहीत, आणि तुम्हाला पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून यावं लागतं.