माध्यम साक्षरता : ग्रामीण विदर्भातील

वृत्तपत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांवरून येणारा मजकूर कोणी, कोणासाठी व कोणाच्या खर्चाने तयार केला हे तपासून त्याचा अर्थ लावण्याचे शिक्षण. युनेस्कोच्या पुढाकाराने १९८२ मध्ये जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे निघालेला जाहीरनामा हा त्याचा एक प्रारंभबिंदू समजला जातो. विदर्भात मात्र त्याची पूर्वपीठिका जनसंज्ञापनाच्या, म्हणजे पत्रकारिता व प्रसारमाध्यमांच्या, महाविद्यालयीन अध्यापनात शोधावी लागते.

या अध्यापनाचा भारतातील आरंभ वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ॲनी बेझंट यांच्या अड्यार येथील राष्ट्रीय विद्यापीठात १९२० च्या सुमारास चाललेल्या वर्गाकडे बोट दाखवतात, तर काही जण अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील १९३८ च्या अभ्यासक्रमाला अग्रमान देतात. हे दोन्ही प्रयत्न अल्पायुषी ठरल्यामुळे लाहोर येथे पंजाब विद्यापीठाने १९४१ मध्ये उघडलेला विभाग हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील पत्रकारिता विभाग सामान्यतः १९५२ चा सांगितला जातो. त्याच्या उभारणीत अमेरिकी प्राध्यापक रोलंड वूल्झली यांचा वाटा होता. अशा अभ्यासक्रमांचा भर पत्रकार घडवण्यावर असे; वाचक घडवण्याचा विचार पुष्कळ नंतरचा आहे.

खेड्यातील श्रोता केंद्रस्थानी ठेवणारे दोन मोठे प्रयोग विदर्भाबाहेरच झाले. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे चालवली. तेथील शेतकरी कार्यक्रम ऐकून त्यावर चर्चा करीत व आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. त्या वेळी विदर्भ मध्य प्रदेशात होता. पुढे उपग्रहाद्वारे खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याच्या १९७५-७६ च्या दूरचित्रवाणी प्रयोगातील सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. गाडगेबाबांचे प्रश्नोत्तरी कीर्तन ही या शिक्षणाची देशी परंपरा म्हणता येईल, परंतु त्यातील चिकित्सा रूढींची होती, बातमीच्या उगमाची नव्हती.

राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या २०१८ पासूनच्या इतिहास पाठ्यपुस्तकात प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र प्रकरण असून, माध्यमांतील माहिती पारखून घ्यावी हे सांगताना ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने छापलेल्या हिटलरच्या बनावट दैनंदिन्यांचे उदाहरण तेथे येते. उदाहरण मार्मिक आहे, तरी कापूस उत्पादकाच्या घरातील विद्यार्थ्याला ते दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. मोबाइलवर फिरणारा कापसाच्या भावाचा संदेश त्याला अधिक शिकवू शकतो. तो भाव कोणत्या तारखेचा, हिंगणघाटच्या बाजार समितीतला की व्यापारी गावात येऊन करतो त्या खेडा खरेदीतला, धाग्याची लांबी किती, ओलावा किती धरला, आकडा सरासरीचा की त्या दिवशीच्या सर्वाधिक बोलीचा, हे प्रश्न बातमीच्या चिकित्सेचेच आहेत आणि समितीत प्रत्यक्ष मिळालेल्या भावाशी ताडून त्यांची उत्तरे मिळवता येतात.

उच्च शिक्षणात वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात जनसंचाराचा विभाग आहे. तेथील अध्यापनाचे माध्यम हिंदी आहे. मेळघाटातील कोरकू आणि गडचिरोलीतील गोंडी भाषक विद्यार्थ्यांना शाळेतील माध्यमविषयक पाठ बहुतांशी मराठीतूनच शिकावे लागतात.