व्यवसायोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण (मुंबई)

आजार, अपघात, जन्मजात व्यंग किंवा मनोविकार यांमुळे रोजची कामे करणे ज्याला जड जाते, त्याला कामांच्याच आधारे शक्य तितके स्वावलंबी करण्याच्या उपचारपद्धतीस व्यवसायोपचार (इंग्रजीत ‘ऑक्युपेशनल थेरपी’) म्हणतात. तिच्यातील पदवीनंतरचा विशेष अभ्यासक्रम महाराष्ट्रात ‘एम.ओटीएच.’ (मास्टर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी) या संक्षेपाने ओळखला जातो. मुंबईत या विषयाचे शिक्षण प्रामुख्याने महापालिकेच्या रुग्णालयांभोवती वाढले : परळचे सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय, शीवचे लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालय.

संज्ञा : ‘व्यवसाय’ म्हणजे धंदा किंवा पेशा, हा आजच्या मराठीतील रूढ अर्थ. त्यामुळे विभागाची पाटी वाचून येथे कामधंदा शिकवत असावेत, असा समज होणे स्वाभाविक आहे. संस्कृतात मात्र हा शब्द वि आणि अव हे उपसर्ग व सो हा धातू यांपासून सिद्ध होतो आणि त्याचा अर्थ निश्चय, निश्चयपूर्वक केलेला प्रयत्न असा आहे. गीतेतील ‘व्यवसायात्मिका बुद्धि’ (२.४१) हीच. या मूळ अर्थाने पाहिले तर प्रतिशब्द अधिक नेमका ठरतो. रुग्णाने स्वतः मनावर घेऊन केलेली, त्याच्या लेखी अर्थ असलेली कृती हा या उपचाराचा गाभा आहे. ती अर्थार्जनाची असलीच पाहिजे असे नाही. दात घासणे, नातवाला खेळवणे, देवपूजा करणे हेही या अर्थी व्यवसायच. ‘क्रियोपचार’ हा पर्याय कानाला सोपा वाटतो, पण त्यातून हेतूचा भाग निसटतो. हिंदीत ‘व्यावसायिक चिकित्सा’ रूढ आहे. महाराष्ट्रात व्यवसायोपचारकांची नोंदणी करणाऱ्या राज्य परिषदेच्या कायद्याने ‘व्यवसायोपचार’ पक्के केले आणि तेच येथे स्वीकारले आहे. विद्यार्थी व रुग्णालयातील कर्मचारी मात्र सर्रास ‘ओटी’ म्हणतात. रुग्णालयात त्याच अक्षरांनी शस्त्रक्रियागृहही ओळखले जाते आणि मराठी घरात ओटी भरतात ती निराळीच. नवख्याचा गोंधळ होतो तो असा.

इंग्रजी संज्ञेचे जनकत्व सामान्यतः जॉर्ज बार्टन या अमेरिकी वास्तुविशारदाकडे जाते. क्षयरोग आणि अर्धांगवायू यांचा अनुभव त्याने स्वतः घेतलेला होता. संज्ञेच्या वापराचे वर्ष १९१४ असे दिले जाते आणि १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे या पेशाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. काही अभ्यासक ही परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पिनेल व इंग्लंडमध्ये ट्यूक यांनी मनोरुग्णांसाठी अवलंबिलेल्या ‘नैतिक उपचारा’पर्यंत, म्हणजे माणुसकीची वागणूक देऊन त्यांना कामात गुंतवण्याच्या पद्धतीपर्यंत, मागे नेतात. कल्पनेचे मूळ तेथे दिसते हे खरे. स्वतंत्र पेशा म्हणून मात्र १९१७ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

मुंबईतील आरंभ : भारतात हे शिक्षण कमला निंबकर यांनी आणले. मूळच्या एलिझाबेथ लंडी या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अमेरिकी कुटुंबातल्या. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि के. ई. एम. रुग्णालयात प्रशिक्षण सुरू केले. त्याचे वर्ष बहुतेक ठिकाणी १९५० असे आढळते. या शाळेचा उल्लेख कधी ‘भारतातील पहिली’, तर कधी ‘आशियातील पहिली’ असा होतो. पश्चिम आशियाचा विचार करता दुसरे विधान जपून करावे लागते. पहिल्याबद्दल वाद नाही. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या व्यवसायोपचारकांच्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश झाला. नव्या पेशाला दोनच वर्षांत मिळालेले हे स्थान बऱ्याच अंशी निंबकरांच्या खटपटीचे फळ होते. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाने आहे. मराठी वाचकाला त्यांचे नाव बहुधा तेथूनच परिचित असते.

पदव्यांची नावे वेळोवेळी बदलली. ज्येष्ठ व्यवसायोपचारकांच्या नावापुढे मुंबई विद्यापीठाची ‘एम.एस्सी. (ओटी)’ ही पदवी दिसते. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातील आरोग्यशिक्षण त्याच्याकडे गेले आणि सध्याचे नाव रूढ झाले. प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या ‘पीजीओ-सीईटी’ या परीक्षेतून होतो.

अभ्यासाचे स्वरूप : देशात हा अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा आहे. मज्जासंस्था, अस्थिस्नायू व हात, बालविकास, मानसिक आरोग्य, समुदाय अशा शाखांपैकी एकीत विशेष अभ्यास करावा लागतो. दिवसाचा मोठा भाग ओपीडी आणि वॉर्डात जातो. उरलेल्यात सेमिनार, केस प्रेझेंटेशन, जर्नल क्लब (शोधनिबंधांवरील चर्चा) आणि कनिष्ठांना शिकवणे. हाताला आधार देणारे स्प्लिंट गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून स्वतः कापून रुग्णाच्या हातावरच बसवायचे असते आणि हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. शीव आणि परळ येथे रेल्वे अपघातांतील जखमी मोठ्या संख्येने येतात. हात-पाय गमावलेल्या रुग्णाला पुन्हा घरी, कामावर आणि शक्य तर लोकलच्या डब्यात पोहोचवणे हा मुंबईच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हमखास येणारा अनुभव आहे.

पदव्युत्तर शिक्षणाचा खरा कस प्रबंधात लागतो. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा), गाइडची संमती, संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता, मग रुग्ण जमवणे आणि शेवटी संख्याशास्त्र, असा हा क्रम. त्यात वारंवार आडवा येणारा प्रश्न मापनसाधनांचा. माहोनी आणि बार्थेल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला, रोजच्या कामांतील स्वावलंबन मोजणारा बार्थेल निर्देशांक घ्या. दहा बाबी, एकूण १०० गुण, वापरायला सोपा. म्हणून तो सर्वत्र चालतो. पण जेवणाच्या बाबीत पदार्थ कापायला व लोणी पसरायला मदत लागते का, हे पाहिले जाते. भाकरी एका हाताने मोडून कालवणात बुडवून खाणाऱ्याला येथे किती गुण द्यायचे? आंघोळीच्या बाबीत टब आणि शॉवर येतात. लालबागच्या चाळीत मोरीत पाटावर बसून तांब्याने अंगावर पाणी घेणे त्यात नाही. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर उकिडवे बसून उठणे, मजल्यावरच्या सामाईक शौचालयापर्यंत बादली घेऊन जाणे, नळाला पाणी येते तेवढ्या वेळात हंडे भरणे, नऊवारी नेसणे, पोळ्या लाटणे, चाळीचा अरुंद लाकडी जिना उतरणे : पक्षाघातानंतर याच गोष्टी अडतात. त्यामुळे साधनाचे मराठीकरण म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचे, मूळ साधन न पाहिलेल्या तिसऱ्याने पुन्हा इंग्रजीत न्यायचे, तज्ज्ञांनी तफावत मिटवायची आणि मग रुग्णांवर विश्वासार्हता व वैधता तपासायची, अशी रूढ पद्धत आहे. केवळ शब्द बदलून बाबी तशाच ठेवणारी रूपांतरे गुणांची बेरीज देतात, रुग्णाचे घर दाखवत नाहीत. बाबीच बदलल्या, तर परदेशी संशोधनाशी तुलना अवघड होते. या पेचातून सोयीची वाट नाही. मूळ साधन जसेच्या तसे वापरून त्याला स्थानिक कामांची पूरक यादी जोडावी, हा मधला मार्ग व्यवहार्य दिसतो.

बालविकास शाखेकडे ओढा अधिक आहे. अमेरिकी व्यवसायोपचारक जीन एअर्स यांचा १९७० च्या दशकात पुढे आलेला संवेदी एकात्मीकरणाचा (स्पर्श, तोल, हालचाल इत्यादी संवेदनांची मेंदू घालत असलेल्या सांगडीचा) सिद्धांत आणि स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांबद्दल वाढलेली जाणीव यांमुळे उपनगरांत खाजगी केंद्रे वाढली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ दिव्यांगतांत या दोन्ही येतात. एअर्सच्या पद्धतीच्या परिणामकारकतेबद्दल संशोधकांत एकमत नाही. प्रबंधाच्या विषयांत तिला मिळणारी पसंती मात्र कायम आहे. मानसिक आरोग्य ही या शास्त्राची जन्मभूमी असूनही तेथे वळणारे तुलनेने कमी.

नोंदणी : राज्यात व्यवसाय करण्यासाठी २००२ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेकडे नोंदणी करावी लागते. केंद्राच्या २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमात व्यवसायोपचाराचा समावेश असून शिक्षणाचे किमान दर्जे ठरवण्याचे काम त्या आयोगाकडे आहे.