एकाच ओव्हनवर येऊन पडलेलं नाताळचं जेवण

भाजलेली टर्की, सारण, बटाटे, ग्रेव्ही आणि शेवटी पुडिंग. नाताळच्या जेवणाचा हा बेत व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये पक्का झाला. त्याआधी १६४७ मध्ये प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांच्या संसदेने हा सणच रद्द केला होता. १६६० मध्ये राजेशाही परतली तेव्हा तो परत आला. पण आजच्या यजमानाची दमछाक का होते हे कळायचं तर पदार्थांच्या यादीपेक्षा त्या काळी भट्टी कुणाची होती आणि राबणारे हात कुणाचे होते, हे पाहावं लागतं.

कामकरी घरांत ओव्हन नसे. उघड्या शेगडीवर रस्सा शिजायचा. अख्खा पक्षी भाजणं अवघड. त्यांच्या ताटात टर्की नव्हे, गूज म्हणजे पाळीव हंस असे, आणि त्यासाठी ‘गूज क्लब’ चालत. ही चक्क भिशीच: दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे, नाताळला पक्षी घ्यायचा. तो भाजायला जाई बेकरीच्या भट्टीत. १८४३ च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या गोष्टीत डिकन्सने क्रॅचिट कुटुंबाचं जेवण याच पद्धतीने रंगवलं आहे. गूज बेकरीत भाजून येतो, पुडिंग कपडे उकळायच्या हंड्यात शिजतं. घरात उरतात ती किरकोळ कामं, आणि तीही वाटलेली: आई ग्रेव्ही गरम करते, एक मुलगा बटाटे कुस्करतो, मुली सफरचंदाचा सॉस आणि ताटं बघतात, धाकटे खुर्च्या मांडतात. गरिबीतलं हे जेवण नियोजनाच्या दृष्टीने आजच्या अनेक घरांपेक्षा सरस होतं.

टर्की मूळची मेक्सिकोची. सोळाव्या शतकात स्पॅनिशांमार्फत युरोपात पोहोचली. १८६१ मध्ये मिसेस बीटनच्या गृहव्यवस्थापनाच्या ग्रंथाने टर्कीशिवाय मध्यमवर्गाचा नाताळ होतच नाही, असं सांगून टाकलं. त्या मध्यमवर्गाकडे नोकर होते. त्याच सुमारास वाढण्याची रीतही बदलली. आधी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत आणि लोक एकमेकांकडे सरकवत. याला फ्रेंच पद्धत म्हणत. मग रशियन पद्धत आली: एकेक पदार्थ क्रमाने, नोकराच्या हातून. दिमाखदार खरी, पण तिला स्वयंपाकघरात सतत कुणीतरी लागतं.

दोन महायुद्धांनंतर नोकर गेले आणि बेकरीची भट्टीही व्यवहारातून गेली. ब्रिटनमधलं रेशनिंग १९५४ मध्ये संपलं, पुढे गोठवलेली टर्की स्वस्त झाली. बेत जसाच्या तसा राहिला, आता तो एका माणसाने एका छोट्या ओव्हनवर पेलायचा.

घोळ होतात ते इथेच. टर्कीच्या शेजारी बटाट्यांचे ट्रे कोंबले की गरम हवा फिरत नाही, वाफ कोंडते आणि बटाटे भाजले न जाता मऊ पडतात. पोटात सारण ठासलं तर आतपर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागतो, तोवर छातीचं मांस कोरडं होतं. सारण वेगळ्या ट्रेमध्ये करावं. गोठवलेल्या पक्ष्याला फ्रिजमध्ये किलोमागे १० ते १२ तास लागतात, म्हणजे पाच किलोला दोन ते अडीच दिवस. हा हिशेब चुकला की बाहेरून तांबूस आणि आतून कच्चा पक्षी निघतो.

हाडासकट माणशी साधारण ४५० ग्रॅम धरा. पाच किलोचा पक्षी १८० अंश सेल्सिअसला तीनेक तास घेतो, पण घड्याळापेक्षा थर्मामीटर खरा: मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश. मग बाहेर काढून ४५ मिनिटं तसाच ठेवा. रस मांसात मुरतो, आणि ओव्हन रिकामा होतो. आठ-दहा मिनिटं उकडून, खडबडीत करून ठेवलेले बटाटे आता २२० अंशांवर तापलेल्या चरबीत घाला. सगळा बेत या पाऊण तासावर उभा आहे.

पुडिंगला, म्हणजे सुक्या फळांच्या वाफवलेल्या गोड गोळ्याला, ओव्हन लागतच नाही. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चारेक आठवड्यांच्या काळाच्या, आधीच्या रविवारी ते कालवायची इंग्लंडमधली जुनी चाल आहे. तेव्हाच सहा ते आठ तास वाफवून ठेवलं की नाताळला शेगडीवर दोन तास पुरे. मात्र खालचं पाणी आटत नाही ना, हे बघत राहावं लागतं.

घरच्या कर्त्याने टेबलाशी उभं राहून पक्षी कापायचा, हा रिवाज देखणा असला तरी शेवटच्या ताटात मांस गार होऊन पडतं. आतच कापून तापवलेल्या थाळ्यात रचा, वर उकळती ग्रेव्ही. बाकीचे पदार्थ मधोमध ठेवून सरकवायला सांगा, म्हणजे ती जुनी फ्रेंच पद्धतच. घरच्या माणसांसाठी रशियन थाटाचा अट्टाहास कशाला? जर्मनीत तर नाताळच्या आदल्या संध्याकाळी बऱ्याच घरी बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज एवढंच असतं. सॅलड आधी करून ठेवलेलं, सॉसेज फक्त गरम करायचे.

उरलेलं मांस हाडांवरून काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. इंग्लंडमध्ये १८७१ च्या कायद्याने दुसऱ्या दिवशीही सुट्टी मिळाली, आणि त्या दिवशी हेच मांस गार खातात.