बैरूत सूक्स आणि त्रिपोलीचे सूक: जुना बाजार नक्की कुठला?

लेबनॉनला गेलेले अनेक प्रवासी नकाशात 'बैरूत सूक्स' शोधतात आणि जुना अरबी बाजार बघायला मिळेल म्हणून निघतात. सूक म्हणजे बाजारच, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तिथे २००९ साली खुलं झालेलं आधुनिक खरेदी संकुल आहे. जुना बाजार हवा असेल तर उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरवरच्या त्रिपोलीला जायला हवं. (लिबियाची राजधानी त्रिपोली वेगळी.)

बैरूतचे खरे सूक १९७५ ते १९९० च्या यादवी युद्धात गेले. लढाईची सीमारेषा शहराच्या मध्यातूनच गेली होती. पुढे सॉलिदेर कंपनीने तो भाग नव्याने बांधला. संकुलाच्या दक्षिण भागाची रचना स्पॅनिश वास्तुविशारद राफाएल मोनेओ यांची. सूक अल-तवीले, सूक अल-जमील ही जुनी नावं आणि गल्ल्यांच्या रेषा राखल्या, ढिगाऱ्याखालून निघालेली छोटी मामलूक (मध्ययुगात इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या सुलतानांच्या काळातली) वास्तूही जपली. म्हणून या जागेला निव्वळ मॉल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मात्र जुने दुकानदार आणि त्यांची गिऱ्हाइकं परत आणणं कुठल्याच आराखड्याला जमत नाही. ऑगस्ट २०२० मधल्या बंदरातल्या स्फोटाचा तडाखाही या संकुलाला बसला.

त्रिपोलीत बाजार हाच शहराचा गाभा. १२८९ मध्ये मामलूक सुलतान कलावूनने क्रुसेडरांकडून (युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांकडून) शहर जिंकलं, किनाऱ्यावरची वस्ती पाडली आणि थोडं आत, किल्ल्याच्या पायथ्याशी नवं शहर वसवायला घेतलं. आजच्या अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या त्याच वसाहतीच्या. इथे धंद्यागणिक गल्ली आहे: सोनारांची सूक अल-सागा, अत्तर-मसाल्यांची सूक अल-अत्तारीन, तांब्या-पितळेची सूक अल-नह्हासीन. मधूनच एखाद्या कमानीतून आत शिरलं की खान, म्हणजे जुनी व्यापारी सराई लागते. मध्ये चौक, भोवती दोन मजली दगडी ओवऱ्या. खाली माल आणि दुकानं, वर पूर्वी व्यापाऱ्यांची राहायची सोय. खान अल-सबून ऑलिव्ह तेलाच्या साबणासाठी प्रसिद्ध, तर खान अल-खय्यातीन शिंप्यांचा. मामलूक काळातली मशीद, मदरसा, हमाम (सार्वजनिक स्नानगृह) आणि भाजीची गाडी एकाच वाटेवर भेटतात, आणि सगळ्यात गर्दी असते ती रोजची खरेदी करणाऱ्या गावकऱ्यांची. माझ्या मते त्रिपोलीचं मोल या चालू व्यवहारात आहे. पर्यटकांसाठी मांडलेलं तिथे फारच थोडं दिसतं.

हाताशी एकच दिवस असेल तर मी निःसंकोच त्रिपोली सुचवेन. सकाळीच निघा आणि जवळ सुटे डॉलर ठेवा, कारण २०१९ नंतर लेबनीज लिरा कोसळल्यापासून बरेच व्यवहार डॉलरमध्ये होतात. फोटो काढण्याआधी दुकानदाराला विचारा. चालून दमलात की 'हलावत अल-जिब्न' मागवा: चीज आणि रव्याच्या मऊ पोळीत साय भरून केलेली गुंडाळी, वरून साखरेचा पाक. तिच्यावर त्रिपोलीकर मोठ्या अभिमानाने हक्क सांगतात.

निघण्यापूर्वी लेबनॉनमधली त्या वेळची सुरक्षेची परिस्थिती आणि भारतीय दूतावासाच्या सूचना मात्र जरूर पाहा.