कायझन आलं कुठून? १% वाल्या रील्सच्या आधीची गोष्ट

रोज १% सुधारा म्हणजे वर्षात ३७ पट व्हाल, असं सांगणाऱ्या रील्सचा हल्ली नुसता सुळसुळाट झालाय. गणित चूक नाहीये, १.०१ चा ३६५ वा घात काढला की ३७.७८ येतंच, पण माणूस काय एफडी आहे का चक्रवाढीने वाढायला! आणि त्याला जोडून कायझन, म्हणजे रोजच्या कामात थोडी थोडी सुधारणा करत राहण्याची जपानी पद्धत, हे जपानचं प्राचीन ज्ञान वगैरे सांगतात ते तर अजिबातच पटत नाही, कारण ह्यातला बराच माल अमेरिकेतला आहे आणि तोही युद्धाच्या घाईगडबडीतला.

१९४० मध्ये अमेरिकन सरकारने ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम काढला. जुने हात सैन्यात चाललेले, कारखान्यात सगळी नवखी भरती, ऑर्डरी मात्र डोंगराएवढ्या. मग सुपरवायझरच्या खिशात मावेल असं एक छोटं कार्ड दिलं. त्यावर काय, तर कामाचे बारीक बारीक भाग पाडा, प्रत्येकाला विचारा की हे मुळात करायचंच कशाला, कुठे, कधी, कोणी, कसं, मग इतरांशी बोलून नवी पद्धत बसवा, आणि हे सगळं हाताशी आहेत त्याच माणसांत, त्याच मशिनींवर. नवीन काही मागायचं नाही. १६ लाखांहून जास्त लोक ह्यात तयार झाले, १९४५ ला युद्ध संपलं आणि कार्यक्रमही गुंडाळला.

पण तोच कोर्स पुढे अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानमध्ये गेला. १९५० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांच्या संघटनेने अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंगना लेक्चरला बोलावलं, त्यांनी शिकवलेलं संख्याशास्त्र म्हणजे अमेरिकेतल्या बेल लॅब्ज ह्या संशोधन संस्थेच्या शूहार्टने १९२४ पासून मांडलेल्या कंट्रोल चार्टचं, म्हणजे काम नेहमीच्या मर्यादेत चाललंय की बिघडतंय हे दाखवणाऱ्या आलेखाचं, आणि पुढच्याच वर्षी जपान्यांनी त्यांच्या नावाने प्राइझ सुरू केलं.

टोयोटाची अवस्था तेव्हा काय होती ते बघा. १९५० ला कर्जात बुडालेली कंपनी, कामगार कपात, मोठा संप, आणि संस्थापक किइचिरो टोयोडांचा राजीनामा. त्याच वर्षी एइजी टोयोडा फोर्डचा कारखाना बघायला गेले, तिथली कामगारांकडून सूचना घ्यायची पद्धत त्यांनी उचलली आणि १९५१ मध्ये आपल्याकडे चालू केली. काही बिघडलं की काम थांबवायची सवय मात्र घरचीच. किइचिरोंचे वडील साकिची ह्यांचा १९२४ चा माग, धागा तुटला की आपोआप बंद पडायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जायचं नाही. तेच पुढे गाड्यांच्या लाईनवर आलं, काही चुकतंय असं दिसलं की साध्या कामगाराने दोरी ओढायची, वेळेत सुटलं नाही तर लाईन थांबते. माझ्या मते सगळ्याचं मर्म इथे आहे आणि रील्समध्ये नेमकं हेच गायब असतं.

ह्याचा पुरावा परत अमेरिकेतच मिळाला. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा प्लांट १९८२ मध्ये बंद पडला होता, दांड्या आणि भांडणांसाठी बदनाम, काहीही झालं तरी लाईन थांबवायची नाही असा शिरस्ता. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो परत उघडला, युनियन तीच, बहुतेक माणसंही तीच, आणि थोड्याच काळात गाड्यांची क्वालिटी जपानच्या तोडीची झाली! १९८६ मध्ये मसाआकी इमाईंचं कायझनवरचं पुस्तक आलं आणि मग कायझन जगभर पोचलं.

आपल्याकडे क्वालिटी सर्कलचं, म्हणजे कामातल्या अडचणी सोडवायला बसणाऱ्या कामगारांच्या छोट्या गटांचं, वारं ८० च्या दशकात आलं, आणि महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने, ज्याचे कांदिवली आणि नागपूरला प्लांट आहेत, २००३ मध्ये डेमिंग प्राइझ घेतलं, ते ट्रॅक्टर कंपन्यांत पहिलंच. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात तर आता लहान व्हेंडरकडेसुद्धा कायझन शीट लागते, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, खाली सही, आणि महिनाअखेर जवळ आली की टार्गेट भरायला लेबलं चिकटवायची धावपळ. लाईन थांबवू का विचारलं तर मात्र बऱ्याच ठिकाणी अजून एकच उत्तर मिळतं, आधी साहेबांना विचार.