गरम तारेचा कटर: जोडीचे अक्ष आणि सुटे अक्ष

थर्माकोल कापणारी दोन यंत्रं शेजारी ठेवली, तर ती हुबेहूब सारखी दिसू शकतात. दोन खांब, प्रत्येकावर एक आडवी आणि एक उभी मोटर, मध्ये ताणलेली तार. तरी एकावर फक्त सरळ अंगाचे तुकडे निघतात, आणि दुसऱ्यावर टोकाकडे निमुळता होत जाणारा विमानाचा पंख. मोटर दोन्हीकडे चारच आहेत. प्रश्न एवढाच की कंट्रोलर (मोटरना हुकूम देणारी यंत्रणा) त्यांना दोन आकडे देतो की चार.

जोडीच्या रचनेत दोन्ही आडव्या मोटर एकच एक्स (आडव्या अक्षाचा आकडा) ऐकतात आणि दोन्ही उभ्या एकच वाय (उभ्या अक्षाचा). तार कायम स्वतःला समांतर सरकते. लिनक्ससीएनसी या यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी अक्षाचं अक्षर दोनदा लिहितात: एक्स-एक्स-वाय-वाय. एकाच ड्रायव्हरला (मोटरला वीज देऊन फिरवणाऱ्या सर्किटला) दोन मोटर जोडूनही काम चालतं, पण मी ते टाळतो. एक मोटर अडखळली की तार तिरकी होते आणि होमिंग (अक्ष ठरलेल्या सुरुवातीच्या जागी आणणं) करूनही सरळ होत नाही. प्रत्येक मोटरला स्वतंत्र ड्रायव्हर आणि स्वतंत्र लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाशी दाबला जाणारा स्विच) असेल, तर होमिंगच तार पुन्हा चौकटीत आणतं.

सुट्या रचनेत एक खांब एक्स-वाय, दुसरा यू-व्ही. यू ला एक्सचाच आणि व्ही ला वायचाच आकडा दिला की सरळ तुकडाही निघतो. अर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डवर चालणारं मूळ ग्रबल हे सॉफ्टवेअर तीनच अक्ष चालवतं, म्हणून इथे ते पुरत नाही. आपलं यंत्र कोणत्या जातीचं आहे हे कळत नसेल, तर एक्स जॉग करून (हाताने थोडा सरकवून) बघा. दोन्ही कॅरेज (खांबांवर तारेची टोकं धरून सरकणारे भाग) हलले तर जोडी, एकच हलला तर सुटे.

खरी गुंतागुंत सुट्या अक्षांतच आहे. समजा खांबांमधलं अंतर १००० मिमी, मधोमध ६०० मिमी लांबीचा ठोकळा, आणि पंखाची रुंदी बुंध्याशी २०० व टोकाशी १२० मिमी. हेच आकडे खांबांना दिले तर पंख चुकतो, कारण तार ठोकळ्याच्या बाहेरही दोन्ही बाजूंना २०० मिमी पसरलेली आहे. ६०० मिमीत ८० चा फरक, म्हणजे २०० मिमीत सुमारे २६.७. बुंध्याकडचा कॅरेज २२६.७ मिमी चालला पाहिजे, टोकाकडचा ९३.३.

आता वेग. नेहमीच्या जी९४ मध्ये (मिनिटाला मिमी या वेगाच्या आज्ञेत) लिनक्ससीएनसी फीड, म्हणजे कापाचा वेग, एक्स-वायच्या मार्गावर मोजतं. यू-व्ही त्याच वेळात आपला मार्ग संपवतात. एफ २०० (मिनिटाला २०० मिमी) दिला आणि बुंधा एक्स-वायकडे असेल, तर या उदाहरणातल्या कापाला ६८ सेकंद लागतात. टोक एक्स-वायकडे असेल, तर तोच काप २८ सेकंदांत उरकतो. तेव्हा बुंध्यापाशी तार मिनिटाला जवळपास ४३० मिमीने ओढली जाते, मागे राहते आणि काप फुगीर येतो. म्हणून जी९३ ही वेळेवर चालणारी आज्ञा वापरावी. त्यात एफ म्हणजे १ भागिले मिनिटं, या कापासाठी ०.८८. मात्र हा एफ प्रत्येक ओळीत द्यावा लागतो.

वेग सावरला तरी टोकाकडे तार हळूच चालते, तिथे थर्माकोल जास्त वितळतो. वितळीची भरपाई (वितळून जाणाऱ्या जागेइतका तारेचा मार्ग बाहेर सरकवणं) दोन्ही बाजूंना वेगळी धरा. जोडीच्या यंत्रात एकच पुरते.

ताणाचंही तसंच. जोडीच्या यंत्रात तार तापून वाढते तेवढीच वाढ स्प्रिंगने खायची असते. सुट्या यंत्रात तारेचं एक टोक दुसऱ्यापेक्षा १३३ मिमी पुढे गेलं की खांबांमधली तार जवळपास ९ मिमी जास्त लांब लागते. आखूड, कडक स्प्रिंग तिथे तार तोडते. लांब आणि मऊ स्प्रिंग किंवा लोंबतं वजन लावा.

पहिली फेरी तार थंड ठेवून, ठोकळ्याशिवाय चालवा आणि दोन्ही कॅरेज किती सरकले ते पट्टीने मोजा. दोन्ही सारखेच भरले तर अक्ष जोडीचे राहिलेत. २०० आणि १२० भरले तर अक्ष सुटे आहेत, पण सॉफ्टवेअरमध्ये खांबांचं अंतर भरायचं राहिलंय.