कपाटातली व्हिस्की मुरत नाही

‘ही १२ वर्षांची बाटली मी २० वर्षं जपलीय, म्हणजे आता ३२ची झाली,’ असं छातीठोक सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. काका, ती १२चीच राहिली! काचेच्या बरणीत लोणचं मुरतं. व्हिस्की मुरते लाकडी पिंपात. बाटलीचं बूच सैल असेल तर उलट उडूनच जाते.

मग २०२३ साली लंडनच्या लिलावात १९२६ची मॅकॅलन या स्कॉटिश व्हिस्कीची एक बाटली २१ लाखांहून जास्त पौंडांना का गेली? शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात ६० वर्षं मुरून १९८६ मध्ये बाटल्या भरल्या, तेव्हा निघाल्या जेमतेम ४०. मोजले ते या दुर्मीळपणाचे पैसे. थंड स्कॉटलंडमध्येही पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के दारू उडते. गोव्याच्या उकाड्यात कितीतरी जास्त, म्हणून तिथली सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात मोड आलेल्या जवापासून केलेली व्हिस्की) थोड्याच वर्षांत बाटलीत भरतात.